थंडी, प्रवास आणि न उतरणारा थकवा

डिसेंबर-जानेवारीत पहाटे साडेपाचला पुनावळ्याच्या रस्त्यावर उभं राहून पाहा. पवनेच्या बाजूनं धुकं वर आलेलं असतं. बांधकामांवरचे रखवालदार शेकोटी पेटवून बसलेले असतात आणि कानटोपी-मफलर गुंडाळलेली माणसं कंपनीच्या बसची वाट पाहत असतात. त्यांच्यात एक मीही असतो. फरक इतकाच, की बाकीचे पाय आपटत उभे असतात आणि मी चहाच्या बंद टपरीच्या पायरीवर बसलेला असतो. नवीन पोरं विचारतात, "चाचा, आत्ताच दमलात? अजून शिफ्ट सुरू व्हायचीय." प्रश्न थट्टेचा असतो, पण त्याचं उत्तर खरंच द्यायला हवं. आजचं बोलणं त्या उत्तराविषयी आहे.

थकवा कुणाला नसतो? चाकणच्या कारखान्यात आठ तास उभा राहणारा थकतो, घरी दोन वेळचा स्वयंपाक करून धुणी-भांडी करणारी त्याहून थकते. पण तो थकवा रात्रीच्या झोपेनं उतरतो. मी ज्याविषयी बोलतोय तो झोपेनं उतरत नाही. आठ तास झोपून उठलं तरी रात्रभर पोती वाहिल्यासारखं अंग असतं. २०२१ च्या उन्हाळ्यात मला कोविड झाला. पंधरा दिवसांत ताप गेला, खोकला गेला, वासही परत आला. थकवा मात्र गेला नाही. त्याच्यासोबत आणखी एक गोष्ट आली. मी कविता लिहिणारा माणूस, आणि मला शब्द सापडेनासे झाले. एकदा तर घरात 'उंबरठा' हा शब्द आठवेना. दाराकडे बोट दाखवत बसलो. बायको हसली आणि मग एकदम गप्प झाली.

या आजाराला क्रॉनिक फटीग सिंड्रोम म्हणतात. त्याचं जुनं नाव मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस, थोडक्यात एम.ई. आजार नवा नाही. १९५५ साली लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात दोनशेहून अधिक कर्मचारी एका गूढ दुखण्यानं आजारी पडले आणि रुग्णालय काही काळ बंद ठेवावं लागलं. त्यानंतर हे नाव पुढे आलं. १९६९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्याची नोंद मज्जासंस्थेच्या आजारांत केली. 'क्रॉनिक फटीग सिंड्रोम' हे नाव अमेरिकेत १९८८ मध्ये रूढ झालं, आणि त्या नावानंच घात केला. 'फटीग' म्हटलं की ऐकणारा म्हणतो, हात्तिच्या, थकवाच ना! २०२० नंतर कोविडमधून उठलेल्या अनेकांमध्ये अशीच लक्षणं दिसू लागली, तेव्हा कुठे जगानं त्याकडे पुन्हा गंभीरपणे पाहिलं.

तो ओळखायचा कसा? रक्ताची एखादी अशी तपासणी अजून नाही, की अहवाल आला आणि निदान झालं. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या समितीनं काही खुणा ठरवून दिल्या. सहा महिन्यांहून अधिक काळ टिकलेला थकवा, ज्यामुळे पूर्वीची कामं होईनाशी होतात. झोपूनही ताजंतवानं न वाटणं. आणि सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे श्रमानंतर कोसळणं. याशिवाय विचार-स्मरणात गोंधळ किंवा उभं राहिल्यावर त्रास वाढणं, यांपैकी एक तरी हवं.

श्रमानंतरचं हे कोसळणं नीट समजून घ्या. ते बहुधा लगेच होत नाही. बारा तासांनी, एक दिवसानं, कधी दोन दिवसांनी होतं. सोमवारी मी जास्त चाललो, तर सोमवारी मी बरा दिसतो. बुधवारी अंथरुणातून उठवत नाही. लोक म्हणतात, "परवा तर चांगले हिंडत होतात!" तेच तर कारण असतं.

मात्र ऐकणाऱ्या कुणी घाईनं स्वतःला हा आजार लावून घेऊ नये. आपल्याकडे थकव्याची नेहमीची कारणं वेगळी आहेत आणि त्यातल्या बहुतेकांवर उपचार आहेत. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. तेव्हा पहिली तपासणी हिमोग्लोबिनची. मग थायरॉईड, ती ग्रंथी मंदावली की थकवाही येतो आणि थंडीही सोसत नाही. मग साखर, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व. घोरणाऱ्याला झोपेत श्वास अडकण्याचा विकार असू शकतो. बारीक ताप, खोकला आणि वजन घटणं असेल तर क्षयाची तपासणी. मनाचं नैराश्यही अंग गाळून टाकतं, आणि त्याची लाज वाटण्याचं काही कारण नाही. हे सगळं पाहून झाल्यावरच डॉक्टर माझ्या आजाराकडे वळतात. माझ्या बाबतीत त्याला दीड वर्ष लागलं.

आता थंडी. तुम्ही म्हणाल, आपल्याकडे कुठे बर्फ पडतो? बर्फ पडत नाही, खरं आहे. पण पुण्याचं किमान तापमान १७ जानेवारी १९३५ रोजी १.७ अंशांपर्यंत उतरलं होतं, आणि आजही हिवाळ्यात काही पहाटे ते दहाच्या खाली जातं. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असली की दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली ऊब भराभर वर सोडून देते. थंड हवा जड, ती नदीकाठच्या सखल भागात साचते. वर तिच्याहून उबदार हवेचं झाकण बसतं. त्या झाकणाखाली धुकं, शेकोट्यांचा धूर, गाड्यांचा धूर, बांधकामांची धूळ, सगळं कोंडून राहतं. ऊन वर आल्याशिवाय ते झाकण उघडत नाही. आणि दुपारी तीच हवा अठ्ठावीस-तीस अंशांवर जाते. एका दिवसात वीस अंशांचा हा चढ-उतार धडधाकट शरीर सहज पेलतं. आजारी शरीराला त्यासाठीही ताकद खर्चावी लागते.

त्यात वाऱ्याचा हिशेब वेगळा. तापमान दहा अंश असताना ताशी चाळीस किलोमीटरचा वारा अंगावर आला, तर उघड्या कातडीला ते सहा अंशांसारखं जाणवतं. दुचाकीवर तो वारा आपणच तयार करतो. माझी भाची टोरांटोला असते; तिलाही हाच आजार आहे. तिकडे हवामानाच्या बातम्यांत तापमानाबरोबर हा वाऱ्याचा आकडाही सांगतात. ती म्हणते, "मामू, इथं कामावर पोचायच्या आधीच दिवस संपतो. जाड बूट घाला, कोट चढवा, गाडीवरचा बर्फ झाडा, दारातला उपसा. मग प्रवास." तिनं शेवटी एक नियम केला. बर्फ पडला त्या दिवशी दुसरं कुठलंही जादा काम करायचं नाही, कारण बर्फानं त्या दिवसाचा पगार आधीच कापून घेतलेला असतो.

तिचं ऐकून माझ्या लक्षात आलं, की माझा बर्फ म्हणजे माझा रस्ता आहे. पुनावळे १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. तेव्हा इथं शेतं होती, आता इमारती आहेत. पण महामार्गाखालचा भुयारी रस्ता या गर्दीपुढे अरुंदच पडतो. पुनावळ्याहून रावेत, मग निगडीचा भक्ती-शक्ती चौक, त्रिवेणीनगर, तळवडे, म्हाळुंगे आणि चाकण. अंतर पंचवीस किलोमीटरच्या आसपास. रिकाम्या रस्त्यावर पाऊण तास. पण तळवड्याला कंटेनर अडकले, की दीड तास कुठेच गेला नाही. बसचे धक्के, हॉर्न, समोरून डोळ्यांवर येणारे दिवे, तोल सांभाळत बसणं, हे सगळं श्रमच आहे. आपण प्रवासाला काम मानत नाही, कारण त्याचा पगार मिळत नाही. शरीर मात्र त्याची नोंद ठेवतं.

मी स्टोअर खात्यात काम करतो. तिथं प्रत्येक मालाची एक किमान पातळी ठरलेली असते. शिल्लक त्या पातळीला आली की माल मागवायचा. साठा शून्यावर जाईपर्यंत थांबलात तर लाइन बंद पडते. तीस वर्षं हे करूनही तो नियम स्वतःला लावायला मला उशीर झाला. सुरुवातीला कुणीतरी हितचिंतकानं सांगितलं, रोज थोडं जास्त चाला, आपोआप ताकद येईल. मी ऐकलं आणि तीन आठवडे पडून राहिलो. मधुमेहाला, उदास मनाला चालणं उत्तम औषध आहे. पण या आजारात रोज ठरवून श्रम वाढवत नेणं उलटतं. ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शक संस्थेनं, 'नाइस'नं, २०२१ मध्ये तसा व्यायाम देऊ नये असं स्पष्ट केलं. त्याऐवजी शिल्लक पाहून खर्च करायला शिकवावं, असं तिचं म्हणणं आहे.

ते मी असं करतो. एका वहीत रोज तीन ओळी लिहितो: काय केलं, किती वेळ, दोन दिवसांनी कसं वाटलं. महिन्याभरात आपली पातळी कळते. सकाळचे कपडे, डबा, ओळखपत्र रात्रीच मांडून ठेवतो. स्टुलावर बसून अंघोळ करतो, कारण कढत पाण्यानं रक्तवाहिन्या सैलावतात आणि उभ्यानं चक्कर येते. एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घालतो. दुपारी एकेक काढता येतात. कान, मान आणि तळपाय झाकतो. धूर कोंडलेल्या पहाटे मास्क लावतो. दुचाकी मी सोडली. उभं राहणं टाळता येईल तिथं टाळतो, मग ती बँकेची रांग असो की लग्नाचा मांडव. बसमध्ये डोळे मिटून बसतो, मोबाइल पाहत नाही. आणि बरं वाटतं त्या दिवशी स्वतःला आवरतो. हे सर्वांत अवघड. बऱ्या दिवशी माळा आवरायला काढला, की पुढचा आठवडा गेलाच.

यानं आजार बरा होत नाही. त्याचं खात्रीचं औषध अजून नाही, आणि तसं कुणी विकत असेल तर पैसे जपा. कोसळण्याच्या पाळ्या मात्र कमी होतात. मला महिन्याला चार यायच्या, आता एखादी येते.

खरी अडचण वेगळीच आहे. हा आजार दिसत नाही. प्लास्टर नाही, कुबडी नाही. कामावर मी पहिल्या पाळीऐवजी जनरल शिफ्ट मागितली. पहाटेची थंडी टळली असती, झोप पूर्ण झाली असती. मला विचारलं गेलं, "कुठल्या आजाराचा दाखला आणणार?" २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्या यादीत या आजाराचं नाव नाही. मग उरते फक्त समोरच्याची समजूत. ती एका साहेबाकडे असते, बदली होऊन आलेल्या दुसऱ्याकडे नसते. माझा अर्ज वर्षभर टेबलावर आहे. निवृत्तीला चार वर्षं उरली आहेत आणि धाकट्या मुलीचं शिक्षण व्हायचं आहे. त्यामुळे या हिवाळ्यातही मी त्याच पायरीवर बसलेला दिसेन.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल क्रिमियाच्या युद्धावरून परतल्यावर वर्षानुवर्षं आजारी होती. अंथरुणाला खिळून तिनं हिंदुस्थानातल्या आरोग्यावर लिहिलं. आपल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही तिचा पत्रव्यवहार होता. १२ मे हा तिचा जन्मदिवस आज या आजाराचा जागतिक दिवस म्हणून पाळतात. ती काम करू शकली, कारण घरच्यांनी आणि सहकाऱ्यांनी तिला तिच्या पद्धतीनं काम करू दिलं.

माझ्या अम्मीला यातलं काही वाचायला लागलं नाही. थंडीत फज्रच्या वेळी मी उभा राहताना लटपटलो, तेव्हा ती म्हणाली, "बसून पढ बाळा. आजाऱ्याला तशी मुभा आहे. बसूनही जमलं नाही तर पडून पढ." ती शाळेत गेली नव्हती. पण आजारी माणसाचं कर्तव्य हिरावून न घेता त्याचं ओझं हलकं कसं करायचं, हे तिला ठाऊक होतं.

तेव्हा तुमच्या घरात, खात्यात, शेजारी कुणी 'नुसतंच दमत' असेल, तर आधी त्याला तपासणीला न्या. आणि बसमध्ये एखादा ठणठणीत दिसणारा माणूस जागा मागू लागला, तर दाखला मागू नका. थोडं सरकून बसा.