बेकिंग पावडर आणि जाहिरातींतील ‘शुद्धता’

केक, नानकटाई किंवा बिस्किटें घरीं करावयास घेणारी गृहिणी दुकानांत गेली म्हणजे तिच्यापुढें बेकिंग पावडरचे निरनिराळे डबे मांडले जातात. एकावर ‘शुद्ध’, दुसऱ्यावर ‘ॲल्युमिनियमविरहित’, तिसऱ्यावर ‘नैसर्गिक’ अशीं ठळक अक्षरें असतात. ह्यांपैकीं कोणतीं अक्षरें माहिती देतात आणि कोणतीं केवळ भुरळ किंवा भय घालतात, हें ओळखावयाचें तर आधीं डब्यांत काय आहे तें कळलें पाहिजे.

मैदा फुगतो तो वायूनें. यीस्टनें वायु तयार होण्यास वेळ लागतो. बेकिंग पावडर तेंच काम कांहीं मिनिटांत करते. तिच्यांत तीन वस्तु असतात: खाण्याचा सोडा, एखादें कोरडें आम्ल अथवा आम्लधर्मी क्षार, आणि ह्या दोहोंना ओलाव्यापासून जपणारें मक्याचें पिष्ट. पाणी व उष्णता मिळतांच सोडा आणि आम्ल एकत्र येऊन कर्बाम्ल वायु, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, बाहेर पडतो. नुसता सोडा घातला तरी तापविल्यावर वायु सुटतोच. परंतु मागें धुण्याच्या सोड्याचा अंश उरतो आणि पदार्थाला साबणासारखी चव व पिवळट छटा येते. ढोकळ्याच्या पिठांत सोड्याबरोबर आंबट ताक किंवा लिंबाचा रस असतो, त्याचा एक उपयोग हाच. ताकाचें तें काम डब्यांतील कोरडें आम्ल करतें.

सोडा सगळ्या डब्यांत एकच. भांडण झालें तें आम्लावरून, आणि तें अमेरिकेंत अनेक दशकें चाललें.

बर्मिंगहॅम येथील औषधी-रसायनांचे जाणकार आल्फ्रेड बर्ड ह्यांनीं इ. स. १८४३ सालीं अशी पावडर तयार केली, कारण त्यांच्या पत्नीला यीस्टचे पदार्थ सोसत नसत. त्या काळचें नेहमींचें आम्ल म्हणजे क्रीम ऑफ टार्टर. द्राक्षांची दारू मुरत असतां पिंपांच्या आंतल्या बाजूस जी खपली धरते, ती शुद्ध करून तें काढतात. अमेरिकेला तें युरोपांतून आणावें लागे व महाग पडे. हार्वर्डचे प्राध्यापक एबेन हॉर्सफर्ड ह्यांनीं १८५६ सालीं त्याऐवजीं फॉस्फेटाचें एकस्व मिळविलें. पुढें तुरटीच्या जातीचे क्षार आले. त्यांतील सोडियम ॲल्युमिनियम सल्फेट फार स्वस्त; शिवाय तें पाण्यानें फारसें जागें होत नाहीं, भट्टींतील उष्णतेनें होतें, त्यामुळें कालवलेलें पीठ थोडा वेळ राहिलें तरी बिघडत नाहीं.

स्वस्त माल बाजारांत आला तशी महाग माल विकणाऱ्यांची झोप उडाली. क्रीम ऑफ टार्टर वापरणाऱ्या रॉयल कंपनीनें आपल्या पावडरीचा ‘संपूर्ण शुद्ध’ म्हणून गाजावाजा केला आणि तुरटी म्हणजे विष अशी हांकाटी केली. १८९९ सालीं मिसूरी संस्थानांत तुरटीयुक्त बेकिंग पावडरवर बंदी घालणारा कायदा झाला. लोकारोग्याच्या नांवानें झालेला हा कायदा विशिष्ट व्यापाऱ्यांच्या पथ्यावर पडला होता, हें उघड होतें. १९०३ सालीं त्यामागील लाचलुचपत चव्हाट्यावर आली. संस्थानाचे उपराज्यपाल जॉन ली ह्यांनीं आपला त्यांतील हात कबूल केला आणि त्यांना पद सोडावें लागलें. १९०५ सालीं तो कायदा रद्द झाला.

दुसरी बाजूहि धुतल्या तांदळासारखी नव्हती. शिकागोची कॅल्युमेट कंपनी आपल्या तुरटीच्या पावडरींत अंड्याच्या वाळविलेल्या पांढऱ्या बलकाचा किंचित् अंश घालीत असे. तिचे विक्रेते गिऱ्हाइकासमोर कांचेच्या पेल्यांत पाणी घेऊन त्यांत पावडर टाकीत. बलकामुळें बुडबुडे फुटत नसत, फेस पेल्यांत वर चढे व टिकून राही. प्रतिस्पर्ध्याची पावडर मात्र फसफसून लगेच बसे. पाहणाऱ्याला वाटे, केवढा हा जोर! वस्तुतः दोन्ही पावडरींतून वायु तितकाच निघालेला असूं शके. पेल्यांत फेस टिकविण्यास बलक लागतो. केकमध्यें वायु धरून ठेवण्यास पीठ आणि अंडीं असतातच. डोळ्यांना दिसलेलें खोटें नव्हतें, त्यावरून काढावयास लावलेला निष्कर्ष खोटा होता. आजहि पुष्कळशा जाहिराती ह्याच मापानें मोजाव्या लागतात.

तुरटीच्या प्रश्नाचा निवाडा करण्यासाठीं रसायनशास्त्रज्ञ आयरा रेमसेन ह्यांच्या अध्यक्षतेखालील मंडळ नेमलेलें होतें. तुरटीची पावडर इतर पावडरींहून अधिक अपायकारक नाहीं, असा निर्णय त्यानें १९१४ सालीं दिला. तथापि प्रश्न तेथेंच थांबला नाहीं. जागतिक आरोग्य संघटना व अन्न-शेती संघटना ह्यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीनें २००६ सालीं ॲल्युमिनियमची साप्ताहिक मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागें १ मिलिग्रॅम ठरविली आणि २०११ सालीं नव्या पुराव्यावरून ती २ मिलिग्रॅम केली. पन्नास किलो वजनाच्या माणसाला, सर्व अन्न मिळून, हे आठवड्याचे १०० मिलिग्रॅम होतात. महिन्यांतून एकदां केक खाणाऱ्याला ह्यांत घाबरण्यासारखें कांहीं नाहीं. रोज बेकरीचे फुगविलेले पदार्थ खाणाऱ्या मुलाची गोष्ट निराळी, कारण त्याचें वजन कमी. मूत्रपिंडें नीट काम करीत नसलेल्या रोग्यानें तर ॲल्युमिनियम टाळावेंच. तें शरीराबाहेर टाकण्याचें काम मूत्रपिंडांचें असतें.

मग निवड कशी करावी? डब्याचा दर्शनी भाग सोडून मागील बारीक अक्षरांतील घटकांची यादी वाचावी. तेथें आंतरराष्ट्रीय क्रमांक दिलेले असतात. ५००(ii) म्हणजे खाण्याचा सोडा, ३३६ म्हणजे क्रीम ऑफ टार्टरच्या वर्गांतील क्षार, ३४१ व ४५० हीं फॉस्फेटें. ५२१ किंवा ५४१ दिसला तर त्यांत ॲल्युमिनियम आहे. ‘ॲल्युमिनियमविरहित’ हें विधान म्हणूनच कामाचें. तें यादीवरून पडताळतां येतें. ‘शुद्ध’ आणि ‘नैसर्गिक’ हे शब्द तसे पडताळतां येत नाहींत. भारतांत २०१८ च्या जाहिरात-नियमांनीं अशा शब्दांच्या वापरावर अटी घातल्या आहेत, आणि २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस दहा लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. बेकिंग पावडरीवर ‘कोलेस्टेरॉलरहित’ असें कोणी छापलें तर तें खोटें ठरणार नाहीं. पण केळ्यावर ‘काटेरहित’ अशी चिठ्ठी चिकटविण्यापैकीं तें आहे.

जुना डबा अजून कामाचा आहे कीं नाहीं, हें मात्र पेल्यावरून कळतें. अर्धा चमचा पावडर ऊन पाण्यांत टाकावी. ती लगेच जोरानें फसफसली तर ठीक. नुसतीच गढूळ झाली तर ओलावा लागून ती मेलेली असते, मग तिच्यावर कांहींहि छापलेलें असो. पावसाळ्यांत कोंकणपट्टींत हें फार लवकर घडतें, म्हणून लहान डबा घ्यावा व चमचा कोरडा ठेवावा. वाटीभर मैद्याला सुमारें एक लहान चमचा पुरतो. जास्त घातल्यास केक वर चढून मध्यें खचतो, आणि चवहि बिघडते.

घरीं करावयाची असल्यास एक भाग सोडा, दोन भाग क्रीम ऑफ टार्टर आणि एक भाग मक्याचें पिष्ट चाळून घ्यावें. हें मिश्रण पाणी लागतांच काम सुरू करतें, तेव्हां भट्टी आधीं तापवून मगच पीठ कालवावें. रक्तदाबाच्या रोग्याला घरची काय आणि विकतची काय, दोन्हींतील सोडियम हिशेबांत धरावें लागतें. महागांतल्या महाग डब्यांतहि तें सोड्याबरोबर येतेंच.