दाहजन्य स्नायुविकार : उपचारपद्धती व शिक्षकांची भूमिका

प्रस्तावना : फेब्रुवारी २०२४ मध्ये 'दंगल' चित्रपटातील बालकलाकार सुहानी भटनागर हिचे वयाच्या १९ व्या वर्षी डर्माटोमायोसायटिसने निधन झाले. तेव्हा हा आजार अनेकांना प्रथमच माहीत झाला. तो दाहजन्य स्नायुविकारांपैकी एक होय. यात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच स्नायूंवर हल्ला करते. बिदर-कलबुर्गी सीमेवरील मुडबीसारख्या गावांत अशा रुग्णाची तक्रार 'अशक्तपणा' समजून सलाईनवर भागविली जाण्याचा धोका असतो. तेवढ्यात मौल्यवान काळ निघून जातो.

लक्षणे : खांदे व मांड्यांतील बळ काही आठवड्यांत किंवा महिन्यांत कमी होते; वेदना मात्र थोडीच असू शकते. जिना चढणे, केस विंचरणे, सजद्यातून उठणे अवघड जाते. डर्माटोमायोसायटिसमध्ये पापण्यांवर जांभळट छटा व बोटांच्या सांध्यांवर चट्टे येतात. गिळताना त्रास किंवा धाप लागल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. रक्तातील क्रिएटिन कायनेजची तपासणी ही निदानाची पहिली पायरी आहे. थायरॉइडचा विकार व कोलेस्टेरॉलवरील स्टॅटिन औषधे यांमुळेही स्नायू दुबळे होतात. म्हणून त्यांचाही विचार केला जातो.

उपचार : पहिला आधार स्टेरॉइडचा. प्रेडनिसोलोन बहुधा वजनाच्या दर किलोमागे १ मिलिग्रॅमपर्यंत दररोज देतात आणि सुधारणा दिसल्यावर मात्रा महिनोन्‌महिने हळूहळू उतरवतात. बरे वाटताच गोळ्या एकदम बंद करणे जिवावर बेतू शकते. स्टेरॉइड कमी करता यावे म्हणून मेथोट्रेक्सेट किंवा अझाथायोप्रिन जोडतात. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. रोज घेतल्यास विषबाधा होते. गर्भारपणात ते वर्ज्य आहे. फुप्फुसांना इजा झाल्यास मायकोफेनोलेट, तर न जुमानणाऱ्या आजारात रिटुक्सिमॅब वापरतात. शिरेतून दिल्या जाणाऱ्या इम्युनोग्लोब्युलिनची २०२२ साली प्रसिद्ध झालेली चाचणी डर्माटोमायोसायटिसच्या ९५ रुग्णांवर झाली. १६ आठवड्यांनी उपचार घेतलेल्यांपैकी ७९ टक्के, तर निष्क्रिय द्रव दिलेल्यांपैकी ४४ टक्के रुग्ण सुधारले. हा उपचार मात्र महागडा आहे. उतारवयातील 'इन्क्लूजन बॉडी' प्रकारावर या औषधांचा फारसा परिणाम होत नाही.

व्यायाम : पूर्वी पूर्ण विश्रांतीचा सल्ला दिला जाई. १९९९ मध्ये स्वीडनमधील अभ्यासाने घरच्या घरी केलेला हलका व्यायाम स्थिर रुग्णांसाठी सुरक्षित असल्याचे दाखविले. आता फिजिओथेरपी उपचाराचाच भाग मानली जाते.

निष्कर्ष : हा आजार संसर्गजन्य नाही; उपचार लांबचा आहे आणि तो मध्येच सुटणे हाच मोठा धोका. रमजानमध्ये गोळ्या चुकविण्याऐवजी डॉक्टरांना विचारावे. आजारी व्यक्तीला रोजा पुढे ढकलण्याची व बसून नमाज अदा करण्याची शरीयतने मुभा दिली आहे, हे शिक्षकांनी घराघरांत सांगावे. जिना चढताना थबकणारा विद्यार्थी आळशी नसून आजारी असू शकतो. त्याला वेळीच बिदर किंवा कलबुर्गी येथील वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठविणे, ही शिक्षकाची मोलाची सेवा ठरेल.