शेंद्र्याची मोटार आणि युरोपांतील स्थित्यंतर

छत्रपती संभाजीनगराहून जालन्याकडे जातांना शेंद्रा लागतें. तेथील औद्योगिक वसाहतींत २००१ सालीं स्कोडा कंपनीच्या ऑक्टेव्हिया मोटारींची जोडणी सुरू झाली. ही कंपनी मूळची चेकोस्लोव्हाकियांतली. जेथें कारखाने सरकारच्या मालकीचे होते, त्या देशाची मोटार मराठवाड्यांत कशी आली, हें श्रोत्यांनीं जाणून घेण्याजोगें आहे.

म्लादा बोलेस्लाव या गांवीं लॉरिन व क्लेमेंट या दोघांनीं १८९५ सालीं सायकलींचा धंदा काढला. पुढें तेथें मोटारी होऊं लागल्या व १९२५ मध्यें हा धंदा स्कोडा उद्योगांत विलीन झाला. १९४५ सालीं सरकारनें कारखाना ताब्यांत घेतला. रशियाप्रणीत देशांच्या 'कोमेकॉन' या व्यापारसंघांत गिऱ्हाईक बांधलेलें होतें. त्यामुळें स्पर्धेची धास्ती नव्हती, आणि सुधारणेची निकडही नव्हती.

१९८९ च्या नोव्हेंबरांत सुरू झालेल्या शांततामय आंदोलनानें ती राजवट कोसळली. १९९१ मध्यें कोमेकॉनही मोडला. जुनी बाजारपेठ गेली. नवी मिळवावी तर भांडवल हवें, आणि तें सरकारजवळ नव्हतें. म्हणून त्याच वर्षीं जर्मनीच्या फोक्सवागन कंपनीस भागीदार केलें. २००० सालीं संपूर्ण मालकी तिच्याकडे गेली.

१ जानेवारी १९९३ रोजीं चेक व स्लोव्हाक यांनीं आपापल्या चुली वेगळ्या मांडल्या. तरीहि १ मे २००४ रोजीं दोघेहि एकाच दिवशीं युरोपीय संघाच्या मोठ्या कुटुंबांत दाखल झाले. पुन्हा एकत्रच यावयाचें, तर वेगळें कां व्हावें, असें कोणी विचारील. भेद संमतीचा आहे. कोमेकॉनमध्यें जातांना लोकांना कोणी विचारलें नव्हतें. युरोपीय संघांत शिरण्यापूर्वीं २००३ सालीं दोन्हीं देशांत सार्वमत घेतलें गेलें.

मात्र संमति दिली म्हणून किंमत चुकली नाहीं. मालाला सीमा मोकळ्या झाल्या. पण चेक कामगारांना जर्मनी व ऑस्ट्रिया यांनीं आपलीं दारें पूर्णपणें उघडलीं तीं २०११ सालीं. कारखाना वाचला, वाढला; मालकी मात्र परक्याची झाली.

शेंद्र्याची मोटार याच व्यवहाराचें फळ आहे: नांव चेक, भांडवल जर्मन, जोडणारे हात मराठवाड्याचे. आपणहि परदेशी भांडवलास आमंत्रण देतों. अशा वेळीं म्लादा बोलेस्लावनें काय मिळविलें आणि काय सोडलें, हा जमाखर्च आपण डोळ्यांपुढें ठेवावा.