टपावरचा दिवा आणि मृगाचा पाऊस

मालट्रकच्या केबिनवर, कपाळाला बाशिंग बांधावे तसे ओळीने लावलेले दिवे आपण सर्वांनीच पाहिले आहेत. पुष्कळांना ती ड्रायव्हरची हौस वाटते. हौस तर आहेच, पण त्यामागे कायदाही आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०७ सांगतो की, २.१ मीटरपेक्षा रुंद मालवाहू गाडीला वरच्या कोपऱ्यांत समोरून दोन पांढरे आणि मागून दोन लाल दिवे असावेत. रात्री किंवा अंधूक प्रकाशात गाडी रस्त्यावर उभी असतानाही ते जळते ठेवावेत. पुढे केवढी उंच आणि केवढी रुंद वस्तू उभी आहे, हे मागून येणाऱ्याला कळावे, एवढाच त्याचा हेतू. तेव्हा टपावरचा दिवा पाणी शिरून विझला, तर तो नुसता शोभेचा तोटा नाही.

मी बडनेऱ्यात गाड्यांची वायरिंग करतो. सुरतेहून कोलकात्याला जाणारा जुना सहा नंबरचा, आता ५३ क्रमांकाचा महामार्ग आमच्या भागातून जातो. वरुड-मोर्शीची संत्री, कापसाच्या गाठी, सिमेंट, सारे याच वाटेने. मृगाचा पहिला पाऊस पडला की आठवडाभर एकच तक्रार ऐकू येते : "मिस्त्रीभाऊ, लाइट चांगला हाये, पन पानी डोक्यावर गयते!" उन्हाळ्यात लावलेला दिवा पहिल्याच सरीत का गळतो, हे समजून घेण्यासारखे आहे.

गरम भाजी स्टीलच्या डब्यात भरून झाकण घट्ट लावले, की भाजी निवल्यावर ते झाकण उघडता उघडत नाही. आतली हवा थंड होऊन आकसते आणि झाकण आत ओढले जाते. दिव्याचेही तसेच. आपल्या वऱ्हाडातल्या उन्हात टपाचा पत्रा ७० अंशांपर्यंत सहज तापतो. दिव्यातली हवा फुगते आणि बारीकसारीक फटीतून बाहेर पडते. मग एकदम पाऊस येतो आणि पत्रा २५ अंशांवर उतरतो. आतल्या हवेचा दाब सुमारे १३ टक्क्यांनी घटतो. हा दाब एक मीटरहून अधिक उंच पाणी ओढू शकेल एवढा असतो. म्हणजे पाणी दिव्यात नुसते झिरपत नाही, दिवा ते शोषून घेतो. जी फट उन्हाळाभर दिसली नाही, ती पावसात उघडी पडते.

म्हणूनच चांगल्या दिव्याला खालच्या बाजूला श्वास घ्यायला बारीक भोक किंवा हवा जाऊ देणारी पण पाणी अडवणारी चकती असते. गळती थांबवायची म्हणून कित्येक जण त्यावरच सिलिकॉन थापतात. त्याने गळती थांबत नाही, उलट वाढते. काचेवर सकाळी हलके धुके दिसले आणि थोड्या वेळात ते विरले, तर घाबरण्याचे कारण नाही. जुना बल्ब तापायचा, त्यामुळे ते लवकर सुकत असे. एलईडीची काच फारशी तापत नाही, म्हणून वेळ लागतो. मात्र तळाशी पाण्याचे थेंब साचले, तर ती गळतीच समजावी.

पाणी येण्याच्या वाटा तीन : दिव्याच्या बैठकीखालून, स्क्रूच्या भोकातून आणि वायरीतून. तिसरी वाट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. वायरीच्या आत तांब्याच्या बारीक तारांचा जुडगा असतो. दिव्याची वात तेल ओढते, तसा तो जुडगा पाणी ओढतो आणि थेट फ्यूजबॉक्सपर्यंत नेतो.

आता उपाय. भोक पाडल्यावर कापलेल्या कडेला आधी प्रायमर लावावा, नाहीतर तिथूनच गंज सुरू होतो. वायर रबरी ग्रोमेटमधून न्यावी आणि आत गेल्यावर तिला खाली झोका द्यावा, म्हणजे पाणी झोक्याच्या टोकाशी गळून पडते. जोडावर टेप गुंडाळून भागत नाही. आतून गोंद असलेली, गरम केल्यावर आवळणारी स्लीव्ह चढवावी. जुने सिलिकॉन पूर्ण खरवडून काढावे, कारण नवे सिलिकॉन जुन्यावर चिकटत नाही. जागा स्पिरिटने पुसावी. पेट्रोल किंवा थिनर दिव्याच्या प्लास्टिक काचेला तडे पाडते.

सिलिकॉन घेताना वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर त्यातून आम्ल सुटते आणि ते तांब्याच्या जोडांना खाते. असे सिलिकॉन वायरीजवळ नको; न्यूट्रल जातीचे मागावे. दोन गोळे मळून लावायचे कडक लुकण तर टपावर टिकतच नाही, रस्त्याच्या हादऱ्यांनी त्याला चिरा पडतात. पॅकिंग मऊ रबराचे असावे, स्क्रू स्टेनलेसचे, खाली रबरी वॉशर. आणि आवळताना जोर बेताचा. लेप वरून आणि दोन्ही बाजूंनी द्यावा; खालची कड मोकळी ठेवावी, म्हणजे आत गेलेले पाणी बाहेर पडेल. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने आतपर्यंत वाळायला किमान एक दिवस लागतो. इथेच सगळे बिनसते. माल वेळेत पोचवायचा असतो, ड्रायव्हर अर्ध्या तासात निघतो आणि ओला लेप वाऱ्याने उचलला जातो.

दिवा विकत घेताना त्यावर 'आयपी ६७' असे लिहिलेले पाहावे. सहा म्हणजे धूळ आत जाणार नाही; सात म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवला तरी चालेल. पण हा आकडा दिव्याचा आहे, आपण टपाला पाडलेल्या भोकाचा नव्हे.

काम झाल्यावर परीक्षा घ्यावी. आतून भोकाभोवती खडूची पूड फासावी. एकाने टॉर्च घेऊन केबिनमध्ये बसावे, दुसऱ्याने झारीने पाणी सोडावे. आधी खालच्या कडेला, मग हळूहळू वर. पूड जिथे ओली होईल, तिथे फट. धुलाईचा प्रेशर जेट मात्र दिव्याच्या जवळ धरू नये.

एवढा खटाटोप कशासाठी? पाण्याने जोड हिरवे पडतात, फ्यूज वारंवार उडतो आणि कंटाळून कोणीतरी त्याच्या जागी जाड तार बसवतो. मग वायर तापली तरी तोडणारे काही उरत नाही. त्याच वायरीखाली रात्री ढाब्याजवळ ड्रायव्हर आणि क्लीनर झोपलेले असतात. फ्यूज उडत असेल तर तार जाड करू नका, पाणी शोधा. मालकांनी गाडीला या कामासाठी मृगाच्या आधी एक पूर्ण दिवस द्यावा. संत्र्याची एक खेप उशिरा पोचली तर नुकसान भरून निघते. केबिनमध्ये झोपलेल्या माणसाचे तसे नसते.