होडी, हौशी मासेमारीची

तलाव, धरणाचा जलाशय किंवा संथ नदी यांत गळाने मासे धरण्याच्या छंदासाठी वापरण्यात येणारी, एक ते तीन माणसांची लहान होडी. ती वल्ह्यांनी, लहान एंजिनाने अथवा दोहोंच्या साहाय्याने चालविता येते. धंदेवाईक मच्छीमाराच्या होडीत जाळी व पकडलेला मासा यांना प्रथम जागा द्यावी लागते; हौशी मासेमाराच्या होडीत मात्र बैठकीची स्थिरता, नीरवता व सुरक्षित परती यांना अधिक महत्त्व असते.

मासे धरणे हा करमणुकीचा प्रकार दक्षिणेत जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये मत्स्यविनोदाला स्वतंत्र स्थान दिलेले असून माशांचे प्रकार, त्यांना घालावयाचे आमिष व गळाची साधने यांचे वर्णन केलेले आहे. इंग्रजी अमदानीत या छंदाला आधुनिक काठी व रीळ यांची जोड मिळाली. हेन्री सलिव्हन टॉमस याचा द रॉड इन इंडिया हा १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेला ग्रंथ या विषयावरील आद्य ग्रंथांपैकी एक होय.

सातारा–सांगली भागातील जलाशय : सातारा जिल्ह्यात कृष्णेवर धोम, वेण्णेवर कण्हेर, उरमोडीवर परळीजवळचे धरण व कोयनेवर कोयना धरण (१९६४) यांमुळे मोठे जलाशय निर्माण झाले आहेत. महाबळेश्वरचा वेण्णा तलाव १८४२ मध्ये बांधण्यात आला. तेथील नौकाविहार प्रसिद्ध आहे. सांगली जिल्ह्याच्या शिराळा तालुक्यात वारणा नदीवर चांदोली येथील धरणाचा वसंतसागर जलाशय आहे. दोन्ही जिल्ह्यांच्या पूर्वेकडील अवर्षणप्रवण भागात मात्र उथळ पाझर तलाव व सिंचन तलाव आढळतात. पश्चिमेकडील जलाशय डोंगरांच्या अरुंद खोऱ्यांत पसरलेले असल्यामुळे खोल, लांबट व अनेक फाट्यांचे आहेत. कोयनेचा शिवसागर सु. ५० किमी. लांब आहे.

या भागात नदी ओलांडण्याची पारंपरिक साधने वेगळी होती. भोपळ्यांची सांगड आणि गुऱ्हाळातील गूळ शिजविण्याची लोखंडी काहील यांचा त्यांत समावेश होतो. धरणांच्या जलाशयांत मच्छीमार मोटारीच्या चाकाची हवा भरलेली ट्यूब किंवा थर्मोकोलचा तराफाही वापरतात. ही साधने स्वस्त व हलकी असली, तरी त्यांवरून उठता-वळता येत नाही व वाऱ्यात ती आवरत नाहीत. सांगलीला कृष्णेच्या पात्रात होड्यांच्या शर्यतींची परंपरा आहे. परंतु शर्यतीची होडी लांब, अरुंद व वेगवान असते. मासेमारीस नेमकी याच्या उलट, आखूड व रुंद होडी लागते.

आकार व बांधणी : साधारणतः ३·५ ते ४·५ मी. लांब व १·२ ते १·५ मी. रुंद होडी दोन माणसांस पुरेशी होते. सपाट तळाची होडी उथळ पाण्यात चालते व प्रारंभी स्थिर वाटते. मात्र लाटांत ती आपटते. किंचित निमुळत्या तळाची होडी लाट कापते, पण एकाच बाजूला वजन पडल्यास लवकर कलते. पूर्वेकडील लहान तलावांस पहिला प्रकार, तर पश्चिमेकडील लांब जलाशयांस दुसरा प्रकार अधिक सोयीचा ठरतो. होडी लाकूड, लोखंडी वा ॲल्युमिनियमचा पत्रा अथवा काचतंतू घातलेले प्लॅस्टिक यांची बनवितात. लाकडी होडी दुरुस्त करणे सोपे असते, पण उन्हात ठेवल्यास तिच्या सांधी उकलतात. काचतंतूची होडी हलकी व टिकाऊ असते. तथापि बुडालेल्या खडकावर घासल्यास तिला चिरा पडतात. पत्र्याच्या होडीत पाणी शिरल्यास ती तळाशी जाते. म्हणून बैठकींखाली हवाबंद कप्पे किंवा फेसाळ प्लॅस्टिकचे ठोकळे बसवितात. त्यामुळे भरलेली होडीही तरंगत राहते व तिला धरून राहता येते.

भार व स्थिरता : होडीची योग्यता तिच्या वेगावरून नव्हे, तर भार घेतल्यावर तिचा काठ पाण्यावर किती उरतो यावरून ठरते. पाण्याच्या पातळीवरील क्षेत्रफळ ३·५ चौ. मी. असलेली होडी ७५ किग्रॅ. वजनाच्या प्रत्येक माणसागणिक सु. २ सेंमी. खाली जाते. एवढी घट नजरेस जाणवत नाही. यामुळेच ‘आणखी एक माणूस बसेल’ हा अंदाज घातक ठरतो. माणसांची संख्या काढण्याचा एक सोपा ठोकताळा असा : होडीची लांबी व रुंदी फुटांत मोजून त्यांच्या गुणाकारास १५ ने भागावे. १२ फूट लांब व ४ फूट रुंद होडीच्या बाबतीत हा भागाकार ३·२ येतो; म्हणजे शांत पाण्यात तीन माणसे. गळ, नांगर, एंजिन व इंधन यांसह मासेमारी करावयाची असल्यास त्यातून एक माणूस कमी करणे इष्ट होय. तळाशी साचलेले पाणी हा सुद्धा भारच असतो. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किग्रॅ. वजन, शिवाय होडी कलताच ते सर्व खालच्या बाजूस धावते व कल वाढविते.

अतिरिक्त भाराचा परिणाम सांगली जिल्ह्याने अनुभवला आहे. कृष्णेच्या महापुरात ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरग्रस्तांना बाहेर काढणारी होडी उलटून बारांहून अधिक जण मृत्युमुखी पडले. होडीत क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती. तो प्रसंग संकटाचा होता, करमणुकीचा नव्हे. परंतु भाराचा नियम दोन्हींकडे एकच असतो, आणि करमणुकीच्या होडीस तो मोडण्याचे कोणतेही कारण नसते.

साधने : पुढील साधने होडीत असणे आवश्यक मानतात. (१) प्रत्येकासाठी त्याच्या मापाचे जीवरक्षक जाकीट. ते बैठकीखाली न ठेवता अंगात घालून पट्टे बांधलेले असावे. पाण्यात पडल्यावर ते घालणे बहुधा शक्य होत नाही. पोहता येणाऱ्यासही ते लागते, कारण काठावर डोके आपटून पडलेल्या माणसास पोहता येत नाही. (२) वल्ह्यांची जोडी व एक जादा वल्हे. वल्ह्याची लांबी होडीच्या रुंदीच्या सु. दुप्पट असते. एंजिन असले तरी वल्ही बरोबर असावीत. (३) नांगर व दोर. (४) पाणी उपसण्यासाठी दोरीने बांधलेले भांडे. (५) पाण्यात फेकण्याचा तरंगता दोर, शिटी, विजेरी व जलाभेद्य पिशवीत ठेवलेला भ्रमणध्वनी. (६) धारदार सुरी. दोर अडकल्यास तो क्षणात कापता यावा, यासाठी ती हाताशी असावी. (७) गळ अंगात रुतल्यास तो कापण्याची पक्कड व प्रथमोपचाराची पेटी. गळाच्या काठ्या काठाला लावलेल्या खाचांत आडव्या ठेवतात. पायांत येणारी काठी हे तोल जाण्याचे नित्याचे कारण असते. जड सामान होडीच्या मध्यभागी व तळाशी ठेवतात.

एंजिन : लहान होडीस पिछाडीवर अडकविण्याचे २ ते ५ अश्वशक्तीचे एंजिन पुरते. त्याहून मोठ्या एंजिनाच्या वजनाने पिछाडी दबते व मागून येणारी लाट आत शिरते. बंद करण्याच्या कळीला जोडलेली दोरी चालकाने मनगटास बांधावी. तो पाण्यात पडल्यास एंजिन आपोआप थांबते. पंखा खडकावर वा खोडावर आदळल्यास स्वतः तुटून एंजिन वाचविणारी खीळ काही एंजिनांत असते. तशा दोन-तीन खिळी बरोबर ठेवतात. विद्युत् घटमालेवर चालणारे लहान एंजिन नीरव असल्याने मासेमारीस सोयीचे असते. परंतु जड घटमाला होडीच्या मध्यभागी घट्ट बांधावी लागते.

जलाशयाची बदलती पातळी : नैसर्गिक सरोवर व धरणाचा जलाशय यांत मोठा फरक असतो. पावसाळ्याच्या अखेरीस भरलेला जलाशय मे-जूनपर्यंत अनेक मीटरांनी उतरतो. बुडालेल्या गावांच्या भिंती, बांध, झाडांची खोडे व खडक प्रथम पाण्याच्या जेमतेम खाली येतात व नंतर उघडे पडतात. ऑक्टोबरमध्ये निर्धोक असलेली वाट फेब्रुवारीत धोक्याची होते. म्हणून माहितीची वाटही प्रत्येक ऋतूत नव्याने, मंद गतीने व पुढे एका माणसाची नजर ठेवून तपासावी लागते. हीच बुडालेली खोडे व बांध माशांच्या आश्रयाची ठिकाणे असल्यामुळे मासेमाराला त्यांच्याजवळ जावेच लागते. अशा वेळी एंजिन बंद करून वल्ह्यांनी जवळ जाणे योग्य. धरणाची भिंत, सांडवा, दरवाजे व पाणी आत घेण्याचे मनोरे यांपासून मात्र नेहमी दूर राहावे; तेथे जाण्यास मनाई असते आणि तेथील ओढ पृष्ठभागावरून दिसत नाही.

वारा व लाटा : लांबट खोऱ्यात वारा खोऱ्याच्या दिशेने वाहू लागल्यास लाटा वाढत जातात व दूरच्या टोकाला त्या सर्वांत मोठ्या असतात. म्हणून जाताना वाऱ्याविरुद्ध जावे, म्हणजे थकल्यावर परतीस वारा साह्य करतो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वळवाचे ढग जमतात. पावसापूर्वी येणारा थंड वाऱ्याचा झोत काही मिनिटांत शांत पाणी खवळवितो. ढग वाढताना दिसताच जवळचा, वाऱ्याआडचा काठ गाठावा. ज्या धक्क्यावरून निघालो तेथेच परतण्याचा आग्रह धरू नये. वादळात अडकल्यास होडीची नाळ लाटांकडे ठेवून सर्वांनी तळाशी बसावे. होडी उलटल्यास तिला सोडून काठाकडे पोहत जाऊ नये. तरंगणारी होडी दुरून दिसते, एकटे डोके दिसत नाही.

नांगर टाकण्याची रीत : नांगर नेहमी नाळेवरून टाकतात. पिछाडीवरून टाकल्यास दोर ताणताच पिछाडी खाली ओढली जाते व लाट आत येते. लहान होड्या बुडण्याचे हे एक प्रमुख कारण आहे. शांत पाण्यात खोलीच्या तिप्पट व वाऱ्यात पाच ते सात पट दोर सोडतात, ४ मी. खोलीवर वाऱ्यात २० ते २८ मी. दोर लागतो. खोडांमध्ये नांगर अडकण्याचा संभव असल्याने त्याच्या खालच्या टोकास दुसरी दोरी बांधून तिचे टोक तरंगत ठेवतात. अतिखोल पाण्यात नांगर न टाकता होडी संथपणे वाहू देणे बरे.

मासे व मासेमारी : या जलाशयांत कटला, रोहू, मृगळ व सायप्रिनस या सोडलेल्या माशांबरोबर तिलापिया, मरळ, वाम व शिंगाळा हे मासे आढळतात. दख्खनचा महासीर, शास्त्रीय नाव टॉर खुद्री, याचे वर्णन साइक्सने १८३९ मध्ये पुण्याजवळील मुळा-मुठा नदीतील नमुन्यांवरून केले. होडीतून गळ टाकताना एका वेळी एकानेच व बसून टाकावा. मोठा मासा लागल्यास दोघांनी एकाच बाजूस झुकू नये. एकाने मासा थकवावा व दुसऱ्याने विरुद्ध बाजूचा भार सांभाळून हातजाळीने तो घ्यावा. लहान मासे, अंड्यांवर आलेल्या माद्या व महासीर ओल्या हातांनी सोडवून पाण्यात परत सोडणे हा उत्तम मासेमाराचा प्रघात आहे. सांगली जिल्ह्यात भिलवडी–औदुंबर परिसरात कृष्णेत मगरींचा वावर असल्याने तेथे पाण्यात हात-पाय सोडणे, काठाशी मासे साफ करणे व संध्याकाळी पाण्यात उतरून होडी ओढणे टाळावे.

परवानगी व मर्यादा : जलाशयातील मासेमारीचे हक्क बहुधा ठेक्याने सहकारी मच्छीमार संस्थांकडे असतात. तेव्हा हौशी मासेमार तेथे पाहुणा असतो. संस्थेची व जलसंपदा खात्याची अनुमती घेणे, लावलेल्या जाळ्यांवरून एंजिन न नेणे व जाळ्यांना हात न लावणे ही त्याची कर्तव्ये होत. सुरुंग वा विष वापरून मासे मारण्यास कायद्याने बंदी आहे. एंजिनाच्या होडीच्या नोंदणीसंबंधी अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ मध्ये तरतुदी आहेत. शिवसागर व वसंतसागर यांभोवतीचा बराच प्रदेश कोयना अभयारण्य (१९८५) व चांदोली राष्ट्रीय उद्यान (२००४) यांत मोडतो. २०१० पासून ही दोन्ही क्षेत्रे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट आहेत. संरक्षित क्षेत्रात मासेमारी करता येत नाही. त्यामुळे सर्वांत विस्तीर्ण पाणी हेच सर्वांत मोकळे पाणी, असा समज या भागात चुकीचा ठरतो.

निगा : प्रत्येक फेरीनंतर होडी पाण्याबाहेर काढून पालथी व सावलीत ठेवतात, वल्ह्यांच्या खुंट्या, दोर व हवाबंद कप्पे तपासतात. एका तलावातून दुसऱ्यात नेण्यापूर्वी ती धुऊन वाळवितात, म्हणजे जलपर्णीसारख्या वनस्पतींचा प्रसार होत नाही. निघण्यापूर्वी किती जण, कोणत्या बाजूस व कधी परतणार हे काठावरील एका जबाबदार व्यक्तीस सांगून ठेवण्याची प्रथा साधी असली, तरी शोधकार्यास तिच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचाही होत नाही.