बूटलोडर असा उडत नाही

‘अपलोड होत नाहीये, बूटलोडर उडाला वाटतं.’ प्रोजेक्टचे दिवस आले की इंजिनिअरिंगच्या मुलांकडून हे ऐकावंच लागतं, आणि आता खरोखर वैताग येतो. प्रोग्रॅमर प्रतिसाद देत नाही अशी लाल ओळ पडद्यावर दिसली की कुणी दुसरा बोर्ड मागून आणून नवा बूटलोडर चढवायला बसतं, कुणी चांगला बोर्ड कचऱ्यात टाकतं.

अर्डुइनो उनोचंच बघू. त्यावरच्या एटीमेगा३२८पी चिपमध्ये ३२ केबी फ्लॅश असते आणि तिच्या अगदी शेवटच्या ५१२ बाइटमध्ये ऑप्टिबूट हा बूटलोडर, म्हणजे तुमचं स्केच (प्रोग्रॅम) फ्लॅशमध्ये उतरवून घेणारा छोटा प्रोग्रॅम, बसतो. फ्लॅशवर लिहिण्याची आज्ञा फक्त बूटलोडरच्या भागातूनच चालते, हे चिपच्या डेटाशीटमध्ये स्पष्ट दिलं आहे. म्हणजे तुमचं स्केच कितीही चुकलेलं असो, त्याला फ्लॅशमधला एक बाइटही बदलता येत नाही. शिवाय बूटलोडरनं स्वतःवरच लिहू नये म्हणून लॉक बिट असतात. मग तो जातो कधी? कुणीतरी आयएसपी प्रोग्रॅमर जोडून अख्खी चिप पुसली तर. तसं केलं असेल किंवा चिप नवी कोरी असेल, तर बूटलोडर जरूर चढवा.

एरवी आधी रिसेटचं बटण दाबून बघा. स्केच सुरू होण्याआधी १३ नंबरच्या पिनवरचा एलईडी पटापट लुकलुकला, तर बूटलोडर जागेवर आहे. मग केबल बदला. फक्त चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतातच. पोर्ट तपासा. लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या स्वस्त बोर्डांवर बहुधा सीएच३४० चिप असते, तिचा ड्रायव्हर आहे का पाहा. ० आणि १ नंबरच्या पिनांना ब्लूटूथ मॉड्यूल जोडलं असेल तर काढा, कारण अपलोड त्याच तारांवरून होतं. बोर्ड नॅनो असेल तर मेनूत ‘ओल्ड बूटलोडर’ निवडून बघा: जुना ५७,६०० बॉडनं बोलतो, नवा १,१५,२०० नं. वेग जुळला नाही तर तो उत्तर कसं देणार?

बूटलोडरशिवाय चिप चालत नाही, हेही खोटं. आयएसपीनं प्रोग्रॅम थेट चढवता येतो, वर ५१२ बाइट मोकळे मिळतात.

पुन्हापुन्हा लिहून फ्लॅश खराब होईल ही भीती काढून टाका. डेटाशीटनुसार ती १०,००० वेळा लिहिता-पुसता येते.

ईएसपी३२ या चिपचा पहिल्या टप्प्याचा बूटलोडर तर रॉममध्ये कोरलेला असतो, तो पुसताच येत नाही. बूटचं बटण दाबून धरा, रिसेट करा, तो हजर होतो.

एटीमेगाबद्दल आणखी एक गैरसमज: क्लॉक कुठून घ्यायचा हे ठरवणारा फ्यूज चुकला की चिप मेली असं समजतात. ती फक्त क्लॉकची वाट बघत असते. एक्सटल१ पिनवर बाहेरून क्लॉक द्या, आयएसपीनं फ्यूज पूर्ववत करा.