नकाशावरची खूण कोणाची?

भांदक स्थानकावर उतरणाऱ्या जैन यात्रेकरूंचा दिनक्रम बहुधा ठरलेला असतो. धर्मशाळेत खोली घ्यायची, स्नान करून श्री केसरिया पार्श्वनाथांची पूजा करायची, भोजनशाळेत जेवायचे, दुपारी थोडे पडायचे आणि संध्याकाळी परतीची गाडी धरायची. त्या दुपारच्या रिकाम्या वेळात घरातील तरुण मुले-मुली खोलीत बसून मोबाईल पाहत असतात. वडीलधारी मंडळी त्यांच्यावर रागावतात, आणि रागावून झाल्यावर आपलाही मोबाईल उघडतात.

याच वेळी भद्रावतीच्या परिघात बरेच काही पाहण्याजोगे उभे असते. विजासन टेकडीत कोरलेली बौद्ध लेणी आहेत. भद्रनागाचे मंदिर आहे. डोलारा तलावात दगडी खांबांवर तुळया टाकून बांधलेला जुना पूल आहे. गवराळ्याचा गणपती आहे. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा शके ६९४ चा, म्हणजे इ. स. ७७२ चा ताम्रपट याच भांदकात सापडला. इतक्या धर्मपरंपरांच्या आणि इतक्या शतकांच्या खुणा एवढ्या थोड्या जागेत विदर्भात फार ठिकाणी मिळत नाहीत. तरीही यात्रेकरू कुटुंबातील मुलाला ‘भद्रावतीत काय पाहिलेस?’ असे विचारले, तर एका शब्दात उत्तर मिळते.

हातातील मोबाईल आणि खोलीबाहेरील गाव यांची गाठ घालता येईल काय, या प्रश्नावर परदेशातील काही विद्यापीठांत गेली वीसहून अधिक वर्षे काम चालले आहे. तेथील विद्यार्थी ‘स्थानाधारित खेळ’ रचतात. खेळणाऱ्याने एका जागी बसून बोटे चालवायची नसतात, तर उठून त्या जागेवर जायचे असते. तो विशिष्ट ठिकाणी पोहोचला की उपग्रहांच्या संकेतांवरून मोबाईलला ते कळते आणि पडद्यावर त्या जागेची कथा, छायाचित्र किंवा प्रश्न उघडतो. उपग्रहांची ही सोय पूर्वी सामान्य माणसाच्या फारशी उपयोगाची नव्हती, कारण अमेरिकी सरकार नागरी वापराच्या संकेतांत मुद्दाम चूक मिसळत असे. मे २००० मध्ये ती चूक काढून टाकण्यात आली. त्यानंतर दोनच दिवसांनी ओरेगॉन राज्यात एका गृहस्थाने रानात एक डबा लपवून त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर केले आणि तो शोधण्याचा खेळ सुरू झाला.

आपल्या समाजाला यातील कल्पना अगदीच परकी वाटू नये. कार्तिकी पौर्णिमेला शत्रुंजयाचा पट उभारून त्यासमोर भावयात्रा करणारे हजारो श्रावक आजही आहेत. ज्याला पालीताण्यास जाणे शक्य नाही, त्याच्यासाठी टूक, कुंड, पायऱ्या यांसह सारे तीर्थ पटावर उतरते. पर्युषणात ज्ञानबाजी खेळण्याची प्रथाही जैन घराण्यांत जुनी आहे. सापशिडीसारख्या त्या पटावर सोंगटी पुढे सरकताना कर्माचे बंध आणि गुणांची चढण मुलांच्या ध्यानी येत असे. पटावर तीर्थ आपल्याकडे येते. स्थानाधारित खेळात आपल्याला तीर्थाकडे चालत जावे लागते, इतकाच फरक.

मात्र या प्रकारच्या खेळाशी जैन समाजाची पहिली गाठ पडली ती मोठ्या कडवट प्रसंगाने. जुलै २०१६ मध्ये ‘पोकेमॉन गो’ हा खेळ प्रथम अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथे सुरू झाला आणि पाहता पाहता जगभर पसरला. त्यात ठरावीक ठिकाणी गेल्यास खेळणाऱ्याला काल्पनिक अंडी मिळत आणि २, ५ किंवा १० किलोमीटर चालले की ती उबत. ही ठिकाणे कोणती? अनेक शहरांत ती मंदिरे निघाली. देवस्थानात अंडी दाखवली जातात, ही हिंदू आणि जैन भाविकांच्या भावनांची अवहेलना आहे, अशी जनहित याचिका गुजरात उच्च न्यायालयात दाखल झाली आणि सप्टेंबर २०१६ मध्ये न्यायालयाने नोटिसा काढल्या. त्या वेळी हा खेळ भारतात अधिकृतपणे आलाही नव्हता. तो डिसेंबर २०१६ मध्ये आला. हीच तक्रार इतरत्रही झाली. वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट स्मृती संग्रहालयाने आणि हिरोशिमाच्या शांती उद्यानाने आपली जागा खेळातून वगळण्याची मागणी केली होती.

यामागे कोणाचा दुष्ट हेतू होता असे नव्हे. त्या कंपनीचा आधीचा ‘इनग्रेस’ नावाचा खेळ होता. त्यात खेळणाऱ्यांनीच आपापल्या भागातील लक्षवेधी जागांची छायाचित्रे पाठवली होती. कोणी सुंदर तोरण पाठवले, कोणी शिखर, कोणी पुतळा. पुढे तोच नकाशा नव्या खेळाला वापरला गेला. तोरण पाठवणाऱ्याला त्याखाली उद्या अंडे ठेवले जाईल याची कल्पना नव्हती, आणि अंडे ठेवणाऱ्याला ते तोरण कशाचे आहे याची. ज्याने त्या जागेवर पाऊल ठेवलेले नाही अशा माणसाने नकाशावर खूण केली की असेच होणार.

विद्यापीठांतील काम वेगळे ठरते ते येथे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत एरिक क्लॉफर आणि कर्ट स्क्वायर यांनी २००२-०३ च्या सुमारास ‘एन्व्हायर्नमेंटल डिटेक्टिव्हज’ हा खेळ तयार केला. संस्थेच्या आवारात भूजलात विषारी रसायन मिसळले आहे अशी कल्पित घटना घेऊन विद्यार्थ्यांना पर्यावरण अभियंत्याच्या भूमिकेत पाठवण्यात आले. हातातील छोट्या संगणकावर ते आवारभर हिंडत, काल्पनिक विहिरी खोदून नमुने घेत, काल्पनिक साक्षीदारांना प्रश्न विचारत. नमुने घ्यायला वेळ लागे, म्हणून साक्षीदार भेटावे की विहिरी खोदाव्या, हे त्यांना ठरवावे लागे. मॅडिसन येथील विस्कॉन्सिन विद्यापीठात २००८ मध्ये पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी वर्गातील प्रकल्प म्हणून ‘एरिस’ नावाचे साधन बांधले. संगणकाची भाषा न शिकलेल्या माणसालाही असा खेळ रचता यावा, हा त्याचा उद्देश, आणि ते विनामूल्य ठेवले गेले.

त्याच मॅडिसनमधील ‘डाऊ डे’ हा खेळ या विषयात नेहमी सांगितला जातो. ऑक्टोबर १९६७ मध्ये, व्हिएतनाम युद्धासाठी नापाम पुरवणाऱ्या डाऊ कंपनीच्या भरतीविरुद्ध त्या विद्यापीठात मोठे आंदोलन झाले आणि पोलिसांचा लाठीमार झाला. खेळणारा वार्ताहर होतो, विद्यार्थी, पोलीस, कंपनीचा माणूस अशा पात्रांना भेटतो आणि ज्या इमारतीसमोर तो उभा असतो तिच्यासमोरच घडलेल्या घटनेचे जुने चित्रण पडद्यावर पाहतो. न्यू मेक्सिको विद्यापीठातील ‘मेंतीरा’ हा खेळ स्पॅनिश शिकणाऱ्यांसाठी आहे. अल्बुकर्क शहरातील लोस ग्रिएगोस या जुन्या वस्तीत कल्पित खुनाचा शोध घ्यायचा आणि त्यासाठी स्पॅनिशमध्येच बोलायचे. या शब्दाचा अर्थच ‘खोटे’ असा आहे.

या प्रयोगांतून एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. खेळणारा शिकतो, पण रचणारा त्याहून पुष्कळ अधिक शिकतो. खेळणाऱ्याला एक वाक्य वाचायला मिळते. ते एक वाक्य लिहिण्यासाठी रचणाऱ्याला दहा कागद चाळावे लागतात, जागा चार वेळा पाहावी लागते आणि तेथील म्हाताऱ्या माणसांशी बोलावे लागते.

हे भद्रावतीला लावून पाहिले म्हणजे त्याची खरी किंमत कळते. येथील महाविद्यालये २०११ मध्ये गडचिरोली येथे स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्प, समाजसहभाग आणि भारतीय ज्ञानप्रणाली यांना श्रेयांक आहेत. श्रेयांकासाठी छापील अहवाल जोडण्यापेक्षा चार-पाच विद्यार्थ्यांच्या गटाने गावावर एक खेळ रचला, तर पहिल्याच दिवशी त्यांच्यापुढे कठीण प्रश्न उभे राहतील.

उदाहरणार्थ, केसरिया पार्श्वनाथांना ‘स्वप्नदेव’ का म्हणतात? परंपरा अशी की विसाव्या शतकाच्या आरंभी अंतरिक्ष पार्श्वनाथ तीर्थाच्या व्यवस्थापकांना स्वप्नात दृष्टांत झाला आणि भांदकच्या रानात शोध घेता ही मूर्ती मिळाली. भाविकाला यात शंका नाही. दुसरीकडे, ह्युएन त्संगने वर्णिलेल्या कोसल देशाची राजधानी म्हणजे हेच भांदक, असे अलेक्झांडर कनिंगहॅम याने १८७० च्या दशकात येथे येऊन मांडले. पुढील अभ्यासकांनी ते सर्वमान्य ठरवले नाही. तिसरा तो शके ६९४ चा ताम्रपट, ज्यावर तिथी कोरलेली आहे. श्रद्धा, तर्क आणि लेख हे तीन प्रकारचे पुरावे. खेळात एका ठिकाणी ‘परंपरा सांगते’ असे लिहावे लागेल, दुसऱ्या ठिकाणी ‘कनिंगहॅमचा तर्क’ आणि तिसऱ्या ठिकाणी ‘ताम्रपटात आहे’. व्यापारी घरातील मुलाला हा भेद नवा नाही. तोंडी बोलणे, कच्ची चिठ्ठी आणि वहीतील नोंद यांत फरक असतो हे तो दुकानात पाहतच असतो. इतिहासाच्या बाबतीत मात्र आपण सगळे एकाच रकान्यात लिहून मोकळे होतो.

दुसरा प्रश्न मर्यादेचा. मंदिरात प्रवेश करताना श्रावक ‘निसीहि’ म्हणतो, म्हणजे संसाराचे सारे व्यापार बाहेर ठेवतो. मग खेळही तेथेच थांबला पाहिजे. रंगमंडपात खूण नको, मूर्तीच्या नावावर गुण नकोत, दर्शनाबद्दल बक्षीस तर मुळीच नको. प्रवेशद्वाराबाहेर ‘मोबाईल बंद करा’ एवढेच पडद्यावर यावे आणि परत आल्यावर खेळ पुढे चालावा. हे कंपनीच्या नकाशाला कधी सुचणार नाही. पूजेला जाणाऱ्या घरातील मुलीला पहिल्या बैठकीतच सुचेल. विजासनच्या लेण्यांबाबत हाच निर्णय बौद्ध विद्यार्थ्याने घ्यावा आणि भद्रनागाबाबत तेथे नागपंचमीला जाणाऱ्या घरातील मुलाने. असा गट एका टेबलाभोवती बसणे हीच मोठी गोष्ट आहे. भद्रावतीसारख्या लहान गावातही ही मुले एकमेकांच्या देवस्थानात सहसा जात नाहीत.

लेण्यात आणखी एक अडचण येते. खडकाच्या पोटात उपग्रहांचा संकेत पोहोचत नाही. सरळ आत जाणाऱ्या दालनातून दोन्ही बाजूंस काटकोनात शाखा फुटतात, तेथे मोबाईलला आपण कोठे आहोत हे कळणार नाही. तेव्हा खेळणाऱ्याला डोळे वापरायला लावावे लागते. आत पाहून मोजा, बाहेर येऊन उत्तर लिहा. एका अर्थी हा दोष सोयीचाच म्हणायचा.

गटात विज्ञान शाखेचे विद्यार्थी असतील तर त्यांनी एमआयटीचा नमुना घ्यावा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील औद्योगिक परिसरांचा प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात चंद्रपूर ८३.८८ गुणांनी चौथ्या स्थानी होते. भद्रावतीच्या सभोवती कोळशाच्या खाणी आहेत. येथील भूजलाचा शोध घेण्यास विद्यार्थ्यांना कल्पित घटना रचण्याची गरज पडणार नाही, आणि पाणी गाळून पिणाऱ्या समाजाला त्या पाण्यात काय आहे हे समजून घेण्यात रस वाटावा.

राहता राहिला पैसा. रचण्याचा खर्च फार नाही. साधने विनामूल्य मिळतात, मोबाईल प्रत्येकाकडे आहे. खर्च असतो तो चालू ठेवण्याचा. विद्यार्थी उत्तीर्ण होऊन पुण्या-बंगळूरला जातो, सर्व्हरचे वार्षिक शुल्क कोणी भरत नाही आणि खेळ बंद पडतो. परदेशातही असे अनेक प्रकल्प याच कारणाने नाहीसे झाले. त्यामुळे आरंभीच लहानशी मुदत ठेव करून तिच्या व्याजातून शुल्क भरण्याची व्यवस्था हवी. ही रक्कम कोठून यावी याबाबत सावध राहणे बरे. देवद्रव्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ज्ञानद्रव्यातून खर्च करावा असे एखादा उत्साही विश्वस्त सुचवील, परंतु ज्ञानखात्यातील रक्कम आगम, ग्रंथ आणि श्रमण-श्रमणींचा स्वाध्याय यांसाठी राखण्याची मर्यादा आहे. श्रावकांच्या मुलांच्या उपक्रमासाठी ती वळवणे योग्य नव्हे. साधारण खाते किंवा एखाद्या कुटुंबाने याच हेतूसाठी स्वतंत्रपणे दिलेली देणगी, हे दोनच मार्ग निर्दोष दिसतात. ठेव महाविद्यालयाच्या नावे असावी आणि दरवर्षी नव्या वर्गाने मागील वर्गाच्या नोंदी तपासून दुरुस्त कराव्यात, असा लेखी करार आधीच करून घ्यावा. पहिल्या वर्षी पाच खुणा पुरेत. त्यांतील एक धर्मशाळेच्या दारातच असावी, म्हणजे दुपारी खोलीत बसलेल्या मुलांना ती दिसेल.